कपाट बदलून वाचा: वेगवेगळ्या प्रकारच्या कथा-कादंबऱ्या शोधणं आणि त्यांवर लिहिणं

आपल्या सातारा जिल्ह्यात वाचणाऱ्यांची वाण नाही. पण बहुतेक वाचक एका कपाटासमोर उभे राहतात ते तिथेच राहतात. ऐतिहासिक कादंबऱ्यांचा चाहता वर्षानुवर्षं ऐतिहासिकच नेतो. कौटुंबिक कादंबऱ्या वाचणाऱ्या काकू शेजारच्या फळीवरच्या गूढकथांना हात लावत नाहीत. त्यांना आवडणार नाहीत म्हणून नव्हे, तर त्या फळीवर काय आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं म्हणून. हे सांगण्याचं काम परीक्षणाचं. म्हणून नवीन प्रकारची पुस्तकं शोधणं आणि वाचलेल्यावर लिहिणं ही दोन वेगळी कामं मी मानत नाही. तुम्ही लिहिता तेव्हा दुसऱ्या कुणालातरी पुढचं कपाट सापडतं.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कथेचा प्रत्येक प्रकार वाचकाला एक शब्द देत असतो. रहस्यकथा म्हणते, शेवटी उलगडा होईल आणि तो न्याय्य असेल. भयकथा म्हणते, तुला घाबरवीन. ग्रामीण कादंबरी म्हणते, ही माती मला ठाऊक आहे. पुस्तकानं दिलेला शब्द पाळला का, हे तपासणं म्हणजे परीक्षण. भयकथेत सामाजिक आशय नाही म्हणून नाक मुरडणं किंवा संथ कादंबरीत काही घडतच नाही म्हणून ती बाजूला टाकणं, दोन्ही अन्यायच.

आधी आपली यादी बघा

वाचनालयाच्या सभासद पुस्तिकेत किंवा संगणकावरच्या नोंदीत तुम्ही नेलेली पुस्तकं असतात. शेवटची दहा-बारा नावं वहीत उतरवून काढा आणि प्रत्येकापुढे प्रकार लिहा: ऐतिहासिक, पौराणिक, सामाजिक, ग्रामीण, रहस्य, भय-गूढ, विज्ञानकथा, विनोदी, कुमार, अनुवादित. एखाद्या प्रकाराची गर्दी दिसेल, काहींपुढे एकही खूण नसेल. ज्या प्रकारांपुढे खूण नाही त्यांतला एकच निवडा. एका दमात सगळे प्रकार वाचायला घेतले तर कुठल्याचीच गोडी लागत नाही.

निवडताना आपल्या आवडीला जवळचा प्रकार घ्या. ऐतिहासिक आवडत असेल तर ऐतिहासिक काळात घडणारी रहस्यकथा चालेल. कौटुंबिक आवडत असेल तर घराभोवती फिरणारी गूढकथा घ्या, कारण मराठीत उत्तम गूढकथा वाड्यात आणि चाळीतच घडतात.

खिडकीवर विचारायचं कसं

ग्रंथपालांना "काहीतरी चांगलं द्या" असं विचारू नका. चांगलं म्हणजे त्यांनी काय समजायचं? विचारणा नेमकी असू द्या. "रहस्यकथा हवी, पण शहरातले पोलीस-वकील नकोत, गावात घडणारी असेल तर बघा." किंवा "मागच्या वेळी नेलेली कादंबरी आवडली, पण फार लांबली. त्याच लेखकाच्या कथा आहेत का?" देवघेवीला रोज बसणाऱ्या माणसाला कुठलं पुस्तक कोण किती दिवस ठेवतं, कुठलं दुसऱ्या दिवशी परत येतं, हे तोंडपाठ असतं. ही माहिती कुठल्याही सूचीत छापलेली मिळत नाही.

परत आलेल्या पुस्तकांची चळतही बघत जा. अजून फळीवर न लागलेली ती पुस्तकं म्हणजे गावात आत्ता काय वाचलं जातंय त्याचा ताजा पुरावा. मग मागचं पान उघडा. अजून तारखेची चिठ्ठी चिकटवत असतील तर शिक्के वाचा. एकामागून एक दाटीनं शिक्के पडलेलं, पाठ निसटलेलं, कोपरे मऊ पडलेलं पुस्तक लोकांनी हातोहात नेलेलं असतं. उलट पंधरा वर्षांत दोनच शिक्के असलेलं, कोरं करकरीत पुस्तकही मुद्दाम उचला. ते कंटाळवाणं निघेल, किंवा कुणी सांगितलं नाही म्हणून पडून राहिलेलं निघेल. यातलं दुसरं निघालं तर परीक्षण लिहायला त्याहून चांगलं पुस्तक नाही.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. गावातल्या ड वर्गाच्या वाचनालयात पुस्तकं कमी असली तरी नव्या खरेदीची यादी करताना सभासदांची मागणी विचारतात. हवं ते पुस्तक तिथे लेखी सुचवा. कराड, वाई, फलटण, सातारा यांपैकी जवळ असेल तिथल्या मोठ्या वाचनालयाची वर्गणी घरात दोघांत मिळून भरली तरी चालते.

भिलारचा एक दिवस

सातारा जिल्ह्यात राहून भिलार न पाहणं हा वाचकाचा मोठा तोटा आहे. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. इथे पुस्तकं एका इमारतीत नाहीत. घरांमध्ये, देवळात, शाळेत अशी वाटून ठेवली आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी एकेका साहित्यप्रकाराची. एका घरी कादंबऱ्या, दुसरीकडे विनोदी साहित्य, तिसरीकडे बालसाहित्य, आणखी कुठे दिवाळी अंक. बसून वाचायला पैसे पडत नाहीत. पुस्तक मात्र घरी न्यायचं नाही.

नवा प्रकार चाखायला यापेक्षा सोयीची जागा मला माहीत नाही. सातारहून वाईमार्गे पसरणीचा घाट चढून पाचगणीला एसटी जाते, तिथून पुढे भिलार जवळ आहे. सकाळी लवकर निघा. मे महिन्यातल्या आणि सलग सुट्ट्यांच्या दिवसांत घाटात गाड्यांची रांग लागते, ते दिवस टाळा. भर पावसात धुकं आणि ओल खूप असते. दिवाळीनंतरचे महिने उत्तम.

तिथे गेल्यावर आवडीच्या घरात दिवसभर बसू नका. चार घरं ठरवा, आणि प्रत्येक घरी एका पुस्तकाची पहिली वीस पानं आणि मधली पाच पानं वाचा. पहिली पानं लेखकानं घासूनपुसून लिहिलेली असतात. खरा कस मधल्या पानांत लागतो, तिथे संवाद पोकळ आहेत का, वर्णन पाणी घालून वाढवलंय का ते लगेच कळतं. चार पुस्तकांतलं जे अर्धवट सोडून उठताना जिवावर येईल, त्याचं नाव, लेखक, प्रकाशक टिपून घ्या आणि आपल्या वाचनालयात मागा. घरच्यांशी दोन शब्द बोला. कुठलं पुस्तक पाहुणे फार काढतात, हे त्यांना पाठ असतं. आणि वाचून झालं की पुस्तक जिथून काढलं तिथेच ठेवा, ते लोकांचं घर आहे.

दिवाळी अंक: सगळे प्रकार एका बैठकीत

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला दरवर्षी हे दालन खुलं होतं. एका अंकात पाच-सहा लेखकांच्या कथा मिळतात, म्हणजे पाच-सहा पुस्तकं घेण्याआधी त्यांची चव बघता येते. गूढ आणि रहस्यासाठी 'नवल', विनोदासाठी 'मोहिनी', गंभीर कथेसाठी 'हंस' असे प्रकारांना वाहिलेले अंकही आहेत. बहुतेक वाचनालयं दिवाळीनंतर वेगळी वर्गणी घेऊन अंक फिरवतात. सगळे विकत घेण्यापेक्षा ही योजना परवडते.

अंक वाचताना आवडलेल्या कथेच्या लेखकाचं नाव टिपा आणि त्याचा संग्रह शोधा. न आवडलेल्या कथेपुढेही एका ओळीत कारण लिहा. सुरुवातीला कारण सुचणार नाही, नुसतंच "नाही आवडली" असं होईल. तिथेच थांबून विचार केलात तर परीक्षण लिहिण्याचा अर्धा सराव तिथे होऊन जातो.

वाचताना टिपण

वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलही लावायची नाही. पोस्टकार्डाएवढा कागद पुस्तकात ठेवा. त्यावर पृष्ठ क्रमांक आणि दोन-तीन शब्द, एवढंच: "पृ. ४७, आईचं बोलणं खरं", "पृ. ११२, योगायोग दुसऱ्यांदा", "पृ. १६०, इथे थांबलो". कुठे थांबलात हे जरूर लिहा. रात्री झोपेमुळे थांबलात की कंटाळून, हेही.

सुरुवातीलाच श्रेयपानावरून शीर्षक, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, प्रकाशक, पहिल्या आवृत्तीचं साल, पृष्ठसंख्या आणि किंमत उतरवून घ्या. पुस्तक परत गेल्यावर हे आठवत नाही. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत करू नका. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो, नव्या आवृत्तीत लेखकानं बदल केलेले असू शकतात. आणि १९६० सालची कादंबरी आजची समजून तिच्यातल्या बायकांच्या वागण्यावर टीका करायची नसेल, तर पहिल्या प्रकाशनाचं साल डोळ्यांसमोर हवंच.

ज्याचा त्याचा न्याय

ऐतिहासिक कादंबरीपासून सुरू करतो, कारण आपल्या भागात हीच सगळ्यांत जास्त वाचली जाते आणि हिच्याविषयीच सगळ्यांत कमी तपासून लिहिलं जातं. लेखकाला कल्पनेची मोकळीक आहे. संवाद त्यानंच रचायचे असतात, कागदपत्रांत ते नसतात. पण काळ मोडायची मोकळीक नाही. आपल्या डोक्यावरच्या किल्ल्याचंच घ्या. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये साताऱ्याचा किल्ला घेतला. १७०० मध्ये वेढा घालून तो औरंगजेबानं जिंकला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं. ताराबाईंच्या काळात मराठ्यांनी तो परत घेतला, तेव्हा तो अजिंक्यतारा झाला. आता १६७३ च्या प्रसंगात एखादा मावळा "चला अजिंक्यताऱ्यावर" म्हणत असेल तर ती चूक आहे, आणि परीक्षणात ती पृष्ठ क्रमांकासह दाखवायला हवी. निवेदकानं आजच्या वाचकाच्या सोयीसाठी ते नाव वापरलं तर एकवेळ चालेल, पात्राच्या तोंडी चालणार नाही. असं एकच उदाहरण नीट तपासून दिलंत तर "लेखकाचा अभ्यास कच्चा आहे" असं वेगळं म्हणावं लागत नाही.

शेवटी संदर्भसूची आहे का, मनोगतात काय खरं आणि काय कल्पित हे लेखकानं सांगितलंय का, तेही लिहा. कादंबरीतला संवाद पुढे भाषणांत इतिहास म्हणून ऐकवला जातो. त्यामुळे हे सांगणं परीक्षणकर्त्याचं कर्तव्यच आहे.

ग्रामीण कादंबरीचा शब्द मातीचा. इथे सातारा-सांगलीच्या वाचकाच्या हाती मोठं भांडवल आहे. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो आणि माण-खटावात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. हे दोन मुलूख बोलतात वेगळे, पिकवतात वेगळं, आणि तिथल्या माणसाची चिंताही वेगळी. लेखकानं माणदेशातल्या शेतकऱ्याच्या रानात कारण नसताना डुलणारा ऊस दाखवला, किंवा शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी श्रावणात लावली, तर तुमच्याइतकं चटकन ते पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला दिसणार नाही. बोलीकडेही असंच बघा. संवादात बोली असेल तर ती एकाच मुलखाची आहे का? की "म्या", "व्हय" आणि "लई" पेरले म्हणजे झाली ग्रामीण? आपल्या भागात लेखकांनी हे किती उंचीवर नेलंय ते आधी वाचून ठेवा. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९), दोन्ही सांगली जिल्ह्यातल्या लेखकांच्या, दोन्ही आकारानं लहान आणि स्वभावानं अगदी निराळ्या. पहिलीत आवाज खालचा, दुसरीत झुंजीचा. एका मापानं दोन्ही मोजून बघा, ते माप कुठे तोकडं पडतं ते लगेच कळेल.

रहस्यकथेत एकच प्रश्न: उलगड्याला लागणारे धागे आधी वाचकासमोर ठेवले होते का? शेवट कळल्यावर मागची पानं चाळा. गुन्हेगार शेवटच्या दहा पानांत पहिल्यांदा आला असेल तर लेखकानं शब्द मोडला. परीक्षणात मात्र रहस्य फोडायचं नाही. "पहिल्या प्रकरणातल्या एका साध्या वस्तूचा शेवटी सुंदर उपयोग होतो" एवढं पुरतं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या हजारावर जाते. जुन्या वाचनालयात किंवा रद्दीवाल्याकडे त्यांतलं काही मिळालं तर जपून वाचा, ते कागद आता हाताळल्यावर तुटतात.

भयकथेत भीती कुठून येते ते शोधा. रक्तातून, की न दिसणाऱ्या गोष्टीतून? नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी वाचताना नेमकं कुठल्या वाक्याला अस्वस्थ वाटलं तिथे खूण करा. बहुधा ते वाक्य अगदी साधं, घरगुती असतं. ही कथा रात्री एकट्यानं वाचा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्यावर लिहा.

विज्ञानकथेत लेखकानं एक गृहीतक मांडलं की त्याचे नियम शेवटपर्यंत पाळायचे. शास्त्र तुम्हाला पूर्ण कळलं नाही तरी चालेल, नियम मोडला की वाचकाला कळतं. माणसं खरी वाटतात का, हेही बघायचं, कारण या प्रकारात पात्रं बरेचदा नुसती माहिती सांगायला उभी केलेली असतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली होती, आणि खरं नाव झाकलेलं असूनही ती पहिली आली. लेखकाचं नाव झाकून मजकूर वाचणं जमत असेल तर तेच करा. कुटुंबातल्या कुणाला तरी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून द्यायला सांगितलं तरी बराच फरक पडतो.

अनुवादित कादंबरी मूळ भाषेतून आणलीय की इंग्रजीवरून, हे श्रेयपानावर असतं, ते नोंदवा. मराठी वाक्य अडखळतं तिथली दोन उदाहरणं द्या, आणि छान वळलेलं एखादं वाक्यही. अनुवादकाचं नाव न घेता लिहिलेलं परीक्षण अपुरंच. कथासंग्रहावर लिहिताना सगळ्या कथांचा सारांश देत बसू नका. तीन निवडा: सर्वांत चांगली, सर्वांत फसलेली, आणि लेखकाचा स्वभाव दाखवणारी.

लिहायला बसल्यावर

पाचशे ते सातशे शब्द पुरे. कथानक पहिल्या एकतृतीयांश भागापर्यंतच सांगा. पुस्तकातलं एखादं वाक्य जसंच्या तसं, पृष्ठ क्रमांकासह द्या. वाचकाला भाषेची चव त्यातूनच कळते, तुमच्या विशेषणांतून कळत नाही. "वाचनीय", "संग्राह्य", "ओघवती भाषा", "हुबेहूब चित्रण", "खिळवून ठेवणारे", "आवर्जून वाचावे" हे शब्द पहिल्या खर्ड्यात येतील, दुसऱ्यात खोडून टाका. कुठल्याही पुस्तकाला लागू पडणारं वाक्य या पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही.

हे बघा:

"बनगरवाडी ही अत्यंत वाचनीय कादंबरी असून लेखकाने ग्रामीण जीवनाचे हुबेहूब चित्रण केले आहे. भाषा ओघवती आहे. प्रत्येकाने आवर्जून वाचावी."

यात शीर्षक बदललं तर दुसऱ्या शंभर पुस्तकांना हाच मजकूर चालेल. आता असं लिहिलं तर:

"संस्थानी काळातल्या माणदेशात, धनगरांच्या एका वाडीवर कोवळ्या वयाचा मास्तर शाळा चालवायला येतो. कथा तोच सांगतो, पण ती त्याची एकट्याची राहत नाही. कारभारी, पोरं, मेंढरं, पुढे वाडीनं मिळून उभारलेली तालीम, असं करत ती वाडीची होते. वेगवान घडामोडी हव्या असतील त्यांना ही संथ वाटेल. माणसं ओळखीची होत जाण्यातला आनंद ज्यांना कळतो त्यांना ती संपू नये असं वाटेल. दुष्काळ येतो तेव्हा लेखक आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच तो भाग जास्त लागतो."

शब्द थोडेच वाढले. पण वाचणाऱ्याला पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवता येतं, आणि शेवटही शाबूत राहतो.

टीका करायची असेल तर आधी पुस्तक काय करू पाहतंय ते प्रामाणिकपणे मांडा, मग कुठे उणं पडलं ते. लेखकावर नको, पानावर बोट ठेवा. खर्डा एक रात्र तसाच ठेवा, सकाळी घरात मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणाऱ्यानं "मग मी हे वाचू का?" असं विचारलं तर उत्तर अजून लेखात आलेलं नाही, ते घाला.

लिहिलेलं पोचवायचं कुठे? वाचनालयाच्या फलकावर एक पान लावायला ग्रंथपाल सहसा आनंदानं परवानगी देतात, आणि तिथेच ते पुस्तक नेणारा माणूस उभा असतो. गावातल्या वाचनकट्ट्यात वाचून दाखवा. स्थानिक दैनिकांच्या पुरवण्यांना पाठवताना पुस्तकाचा पूर्ण तपशील शेवटी द्या. संक्रांतीला जमेल त्यांनी कृष्णाकाठी औदुंबरच्या साहित्य संमेलनाला जाऊन यावं. तिथे लिहिणारे आणि वाचणारे एकाच मांडवात बसतात, पुढच्या वर्षाची वाचनयादी बोलता बोलता तयार होते.

लेखक आपल्याच गावचा असेल तर

आपल्याकडे ही अडचण सगळ्यांना येते. लेखक म्हणजे कुणाचे सर, कुणाचे मेहुणे, सकाळी फिरायला भेटणारे काका. प्रकाशन समारंभाला पुस्तक 'सप्रेम भेट' म्हणून हातात पडतं आणि चार दिवसांनी विचारणा होते, "मग, कधी लिहिताय?" नात्यातल्या माणसाच्या पुस्तकावर लिहू नये, हे सरळ सांगावं: "काका, आपलं नातं आहे, मी लिहिलेलं लोक धरणार नाहीत. तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या." ओळखीच्या लेखकाचं पुस्तक भेट मिळालं असेल आणि लिहायचंच असेल तर लेखात तसं नमूद करा.

पुस्तक अगदीच जमलेलं नसेल आणि ते पहिलंच असेल, तर जाहीर लिहिण्याऐवजी दोन पानांचं पत्र लिहून लेखकाला द्या. त्यात जमलेल्या जागा आधी, फसलेल्या नंतर, दोन्ही पृष्ठ क्रमांकांसह. पण तेच पुस्तक शाळा-वाचनालयांत भरपूर खपत असेल आणि त्यात इतिहासाची किंवा तारखांची ढोबळ चूक असेल, तर ओळख बाजूला ठेवून जाहीर लिहावं. लेखक आणि प्रकाशक दोघांनाही ती चूक पुराव्यासह लेखी कळवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करता येते.